डावीकडच्या प्लेटा

मागच्या लग्नात ती खुर्च्यांच्या खोलीत होती. खोलीत खुर्च्या पुष्कळ, पण बसायला एक नाही. सगळ्या एकावर एक रचून छताला टेकलेल्या. त्यांच्या शेजारी गुंडाळलेले गालिचे, एक बिघडलेला माइक, आणि मधे पालथ्या बादलीवर ती. नवऱ्याच्या आतेभावाचं लग्न होतं. अंगात निळा पायघोळ झगा, आणि त्या झग्याची चेन पाठीवर, मानेपासून थेट कमरेपर्यंत. असा झगा घालून बाळाला पाजायचं तर तो कमरेपर्यंत उतरवावाच लागतो. ही गोष्ट झगा शिवणाऱ्याच्या डोक्यात आली नव्हती, नवऱ्याच्या आली नव्हती, आणि तिच्या स्वतःच्या डोक्यातही ती त्या बादलीवर बसल्यावरच आली. मग टेबलावरची चादर खांद्यावर ओढायची, एका पायानं दार दाबून धरायचं आणि बाळाचं पोट भरेपर्यंत बिघडलेल्या माइककडे बघत बसायचं. तेवढ्यात भिंतीपलीकडे टाळ्या कडाडल्या. लागलं लग्न! ती बाहेर आली तेव्हा लोक आइस्क्रीमच्या रिकाम्या वाट्या कुठे ठेवाव्यात ते शोधत होते.

"अगं, होतीस कुठे? फोटोत पण नाहीस!" चुलत सासूनं विचारलं.

"होते की," ती म्हणाली. आणि गप्प बसली. पण ते गप्प बसणं तिला पचलं नाही. पुढे चार महिने ते घशाशी येत राहिलं.

आता टकळीचं लग्न होतं.

चष्म्याच्या दुकानात दोघींनी सहा वर्षं शेजारी शेजारी काढली होती. ही आतल्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे नंबर तपासायची, आणि ती बाहेर त्यांच्या गळ्यात फ्रेमा मारायची. तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून ती टकळी. आणि हिच्या नजरेतून काचेवरचा केसभर ओरखडा सुटत नाही म्हणून ही भिंग. टकळीनं फोन केला तो थेट मुद्द्यावर.

"भिंगा, ऐक. अकरा वाजता नोंदणीवाले साहेब येणार, हॉलमध्येच. माझ्या बाजूनं साक्षीदाराची सही तुझी. दुसऱ्या कुणाची मला नको."

"अगं, पण ढब्बी..."

ढब्बी म्हणजे तिची मुलगी. सहा महिन्यांची, गालांनी मान झाकलेली.

"ढब्बीला घेऊन ये. सासूबाईंना आण, नवऱ्याला आण, घराला कुलूप लावून ये. आणि हे बघ, आमची आत्या टपून बसलीय सही करायला. तू जागेवर नसलीस ना, तर पेन तिच्या हातात. मग आयुष्यभर माझ्या लग्नाच्या कागदावर तिची सही बघत बसायची मी?"

ही आत्या म्हणजे एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. घरात तिला सगळे हेडबाईच म्हणत. दोन दिवसांनी हेडबाईंचा स्वतःचा फोन आला. लग्नाचे सगळे फोन त्याच करत होत्या, हातात यादी घेऊन, एकेका नावावर खूण करत.

"बायकांनी पायघोळ, एकसंध पोशाख घालायचाय. फिका रंग. फोटोत एकसारखं दिसतं. तुमच्याकडे एक निळा आहे म्हणे?"

"आहे."

"छान. आणि लहान बाळांसाठी मागं खोली ठेवलीय. सोफा आहे, पंखा आहे. समारंभ होईपर्यंत आयांनी तिथंच बसलेलं बरं. मूल रडलं की सगळ्यांचाच विरस होतो, नाही का?"

"पण माझी सही आहे."

"बघू की. अडलं तर मी आहेच."

फोन ठेवून ती ढब्बीपाशी जाऊन बसली. ती काही भांडकुदळ नव्हती. उलट काळजी हा तिचा पूर्णवेळचा धंदा होता. रात्री कूस वळवताना ढब्बीचा श्वास ऐकायचा, दुधाचे डाग मोजायचे, नखं वाढली का बघायचं. बाटली दिसली की ढब्बी तोंड शिवून घेई. चमचा दिसला की हात उडवी. म्हणजे अकरा ते साडेअकराच्या मधे तिला भूक लागली, तर उपाय एकच होता, आणि त्या उपायाला मागं चेन असलेल्या झग्यात जागा नव्हती. नवऱ्याचं म्हणणं, "अगं, दोन तासांचा तर प्रश्न. बसशील खोलीत. पंखा आहे म्हणताहेत."

"तू बस पंख्याखाली," ती म्हणाली. "मी खुर्चीवर बसणार आहे. पुढच्या."

दुसऱ्या दिवशी ती ढब्बीला पोटाशी बांधून दुकानात गेली. झगे तिनं बघितलेसुद्धा नाहीत. तिला स्कर्ट हवा होता. वर पुढून बटणांचा शर्ट, खाली स्कर्ट. म्हणजे वरचं वर उघडेल आणि खालचं खाली राहील. पण घरातला नको, भाजी आणायला जायचा नको. लग्नाला जातोय असा दिसणारा स्कर्ट हवा, नाहीतर हेडबाईंना आयतंच कोलीत.

विक्रेतीनं साटीनचा गुलाबी काढला. हिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून आतल्या शिवणीवर एक थेंब टाकला.

"अहो मॅडम! पाणी कशाला?"

"डाग पडतो का बघतेय."

डाग पडला. रुपयाएवढा गडद गोल. साटीन गेलं. टिकल्यांचा आला, तिनं त्यावर हाताची पाठ घासली आणि ढब्बीच्या गालाचा विचार केला. टिकल्या गेल्या. घट्ट कमरेचा गेला, कारण पोटावरचा टाका अजून कधी कधी बोलायचा. मग विक्रेतीनं, काहीशा रागानंच, मागच्या खणातून एक ओढून काढला. पिकल्या जांभळाच्या रंगाचा, जड विणीचा, बारीक उठावाच्या पानांचा. कमरेला नेफ्यात रबर, तिथून सुटलेल्या मोकळ्या प्लेटा, घोट्याच्या जरा वर संपणारा घेर, आणि दोन्ही बाजूंना खिसे. खरे खिसे, हात मनगटापर्यंत जाईल असे. पाण्याचा थेंब त्यावर घरंगळला आणि कुठे गेला ते कळलंच नाही.

ती आरशासमोर फिरली. घेर तिच्यामागून फिरला आणि ती थांबल्यावर क्षणभरानं थांबला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला आरशात कुणीतरी दिसलं जिच्याशी बोलावंसं वाटावं.

"हा गडद आहे हं," विक्रेती म्हणाली. "लग्नाला फिके चाललेत सध्या."

"चालू देत," ती म्हणाली.

बाकीचं तिनं घरी जुळवलं. साईच्या रंगाचा मऊ शर्ट, वरची तीन बटणं एका हातानं निघतील अशी; तिनं दहादा सराव केला, डोळे मिटून. हार नको, ढब्बी ओढते. लोंबते कानातले नकोत, तेही ढब्बी ओढते. कानात चिकटून बसणारी दोन मोठी मोत्याची फुलं. केस वर घट्ट. टाचा नाहीत, काळ्या मखमलीच्या सपाट चपला. डाव्या खिशात लाळेरं, उजव्या खिशात रुमाल. स्कर्टच्याच रंगाचा ओठांना लावायचा रंग तिनं शोधून काढला. तो मात्र कशाच्याही सोयीसाठी नव्हता.

सासूबाई हे सगळं त्यांच्या मशीनमागून बघत होत्या. तीस वर्षं त्यांनी शाळांचे गणवेश कापले आणि शिवले होते. आता गुडघ्यांमुळे कारखाना सुटला, पण मशीन समोरच्या खोलीत खिडकीपाशी होतं आणि बोटं अजून कापड दिसलं की आपोआप त्याचा उभा धागा शोधत.

"हा काय प्रकार?" त्यांनी स्कर्टचा घेर उचलून बघितला. "शिवलाय की नुसता गोळा करून सोडलाय?"

"मोकळ्या प्लेटा आहेत आई. तशीच पद्धत आहे."

"मोकळ्या प्लेटा म्हणजे अर्धवट काम. आमच्याकडे कमरेपासून नऊ इंच टीप मारायची. बाई बसली तरी घेर पसरता कामा नये. एका शाळेची हेड होती, गळ्यात पेन अडकवून, पट्टी घेऊन यायची कारखान्यात. साडेआठ भरले म्हणून चाळीस स्कर्ट माझ्या अंगावर परत टाकले होते तिनं. सगळ्यांसमोर! चाळीस!" हे बोलताना त्यांचा आवाज अजूनही चढे. "आणि तो निळा झगा काय वाईट आहे? सांगितलंय ना लोकांनी? मूल झाल्यावर जरा मागं बसावं बाईनं. आम्ही नाही बसलो?"

स्कर्ट तिनं कपाटाच्या दाराला टांगला.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिनं तो उतरवला आणि पाय घातले. स्कर्ट मांड्यांपर्यंत आला आणि थांबला. तिनं ओढला. रबर ताणेना. उलटून बघितलं तर कमरेपासून खाली, गोल, सगळ्या प्लेटा टीप मारून बसवलेल्या. अंगच्याच रंगाचा दोरा, टाका न टाका एकसारखा, आणि नऊ इंच बरोब्बर; पट्टी लावायची गरज नव्हती. खिसे त्याच टिपेत बंद झाले होते.

ती तशीच, स्कर्ट हातात घेऊन आणि टॉवेल गुंडाळून, बाहेर आली.

"आई. हे काय केलंत?"

सासूबाईंचा चेहरा आधी खुललेला होता. "बसवून दिल्या. काल तू झोपलीस ना बाळाबरोबर दुपारी, तेव्हा. किती लोंबत होत्या त्या! आता बघ कसा..."

"मला तो चढत नाहीये."

खुललेला चेहरा हळूहळू मिटला. "चढत नाही? पण माप..." त्यांनी स्कर्ट हातात घेतला, नेफा ताणून बघितला, आणि काय झालंय ते त्यांना तिच्याआधी कळलं. तीस वर्षांत त्यांनी कधी बाळंतीण बाईचा स्कर्ट शिवला नव्हता. शाळेतल्या मुलींना पोट नसतं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या, जरा जास्तच घाईनं. "झगा आहे की. इस्त्रीचा आहे."

ती घाई तिला दिसली. भिंग म्हणतात ते उगीच नाही.

"आई, खरं सांगा. नजरचुकीनं झालं की मनातून?"

सासूबाईंनी ताणलेला नेफा सोडला. मग म्हणाल्या, "अर्धं अर्धं."

"बरं. उसवायचं द्या."

"दोन तास लागतील! जड कापड आहे, ओढलंस तर विरेल. आणि खाली गाडी साडेदहाला..."

"उसवायचं द्या म्हटलं ना. मी झग्यात जाणार नाही. मागच्या वेळी मी बादलीवर बसले होते, आई. बादलीवर! पाठ उघडी, अंगावर टेबलाची चादर, आणि पाय दाराला. तुम्ही पुढे बसून टाळ्या वाजवत होतात. तुम्ही मला शोधायलासुद्धा आला नाहीत."

"आम्हाला तरी कुणी बसवलं होतं पुढे?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून मी मागं बसायचं?"

आत ढब्बी उठली आणि रडू लागली. तिनं वळून बघितलं नाही. हात पुढे करून उभी राहिली. सासूबाईंनी मशीनचा खण उघडला, उसवायचा आकडा काढला. पण तिच्या हातात दिला नाही. "तू पोरीला घे," म्हणाल्या. "तुझ्या हातून फाटेल."

मग त्या खिडकीपाशी बसल्या आणि उसवू लागल्या. दर चौथा टाका तोडायचा, दोरा उलट बाजूनं ओढायचा, धुरळा फुंकायचा. त्यांची टीप अशी घट्ट की त्यांनाच आवरेना. "कोणी सांगितलं होतं एवढं घट्ट शिवायला," त्या स्वतःवरच खेकसत होत्या. ढब्बीला पाजून, पुसून, कपडे घालून झाले, दहा वाजले. डावीकडची चौथी प्लेट सुटली. सव्वादहा. डावा खिसा उघडला. तेवढ्यात खाली नवऱ्यानं हॉर्न वाजवला, आणि वर येऊन सांगितलं की वाजवला.

"डावी बाजू झाली," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चष्म्यावर जांभळे धागे चिकटले होते. "उजवी राहिली सगळी."

तिनं पाय घातले. डावीकडचं रबर ताणलं, श्वास आत घेतला, स्कर्ट चढला. आरशात बघितलं: डावीकडून घेर धबधब्यासारखा सुटलेला, उजवीकडून पार शाळेची प्रार्थना. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"असं... जायचं?"

"असंच जायचं," ती म्हणाली आणि उजव्या खिशासाठी काढलेला रुमालही डाव्या खिशात कोंबला.

हॉलच्या दारात हेडबाई यादी घेऊन उभ्या होत्या. फिक्या राखी रंगाचा, जमिनीपर्यंत सरळ पडलेला पोशाख. गळ्यात पेन अडकवलेलं. त्यांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नजर परत खाली आणली.

"हा निळा नाही."

"नाही."

"आणि ही डावी बाजू बसवायची राहिलीय वाटतं. शिंपी बदला बाई तुमचा."

ती उत्तर जुळवत होती. पण मागून सासूबाई पुढे आल्या. त्या हेडबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मग गळ्यातल्या पेनाकडे, मग परत चेहऱ्याकडे.

"राहिली नाही," सासूबाई म्हणाल्या. "मीच उसवलीय. आज सकाळी."

"तुम्ही?"

"नऊ इंच होते. मोजायचे असतील तर उजवीकडे मोजा. तिकडे अजून आहेत. पट्टी आणलीय का?"

हेडबाईंना काही आठवलं नाही. चाळीस स्कर्ट परत टाकणाऱ्याला कुठले आठवतात! त्यांनी भुवई उचलली, यादीवर खूण केली आणि पेनानं मागची दिशा दाखवली. "बाळांची खोली तिकडे."

"माहितीय," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची. तिनं ती धरली. सासूबाई शेजारी. नवरा मागच्या रांगेत, ढब्बीची पिशवी मांडीवर घेऊन. समोर टेबल, पांढरं कापड, फुलं, एक जाड वही आणि तिच्यामागे नोंदणीवाले साहेब. टकळी आली. तिनं मोती रंगाचा पोशाख घातला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बोलत नव्हती. चालता चालता तिनं इकडे बघितलं, स्कर्ट बघितला, आणि ओठ दुमडून हसू गिळलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेब काहीतरी वाचू लागले आणि ढब्बीनं अंगठा तोंडातून काढला.

त्याच्यापुढे काय येणार हे तिला पाठ होतं. आधी कण्हणं, मग पाय झाडणं, मग भोंगा. काळजीनं नेहमीप्रमाणे विचारलं: बघतील? हसतील? फोटोत येईल? तिनं काळजीचं ऐकून घेतलं आणि उजव्या हातानं तीन बटणं काढली. डोळे मिटायचीही गरज पडली नाही. कण्हण्यावरच ढब्बी थांबली, गुटगुट असा आवाज आला, आणि पुढच्या रांगेतल्या एका काकांनी मागं वळून बघितलं, मग घाईघाईनं फुलांकडे बघितलं.

हेडबाई कडेनं वाकून आल्या. "अहो, खोली आहे ना," त्या कुजबुजल्या, पण शाळेची कुजबुज ती. तीन रांगांना ऐकू गेली. "सोफा आहे!"

"दिसत नाही तिथून."

"हे बरं दिसतं का?"

"मला इथून सगळं छान दिसतंय," ती म्हणाली.

तेवढ्यात साहेबांनी मान वर केली. "वधूच्या बाजूचे साक्षीदार?"

हेडबाई सरळ झाल्या. गळ्यातलं पेन त्यांच्या हातात आलं होतं. "तिचं बाळाला पाजणं चाललंय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तर मीच..."

ती उठली. ढब्बीला सोडवलं नाही. सोडवलं असतं तर भोंगा, आणि भोंगा वाजला असता तर हेडबाई. डाव्या हातावर ढब्बी, तशीच चिकटलेली; शर्टाची कड तिच्या गालाआड. हॉल शांत झाला. शांततेत फक्त गुटगुट. दुसऱ्या रांगेपासून टेबलापर्यंत अकरा पावलं होती. डावीकडून घेर झुलत होता, उजवीकडून काटेकोर चालत होता.

"सही इथे करायची का?" तिनं विचारलं.

"हो, हो. इथे," साहेब वहीकडेच बघत म्हणाले. "पूर्ण नाव."

उजवा हात मोकळा होता. तिनं पूर्ण नाव लिहिलं, शांतपणे, एकेक अक्षर. टकळीनं डोळे पुसले आणि मग तिची टकळी सुटलीच: "भिंगा, स्कर्ट कसला भारी आहे गं! अर्धाच का शिवलाय?"

सगळा हॉल हसला. साहेबसुद्धा. ती वळली.

तिच्या खुर्चीपाशी हेडबाई उभ्या होत्या, एका उशिरा आलेल्या पाहुण्याला हातानं बसवत. सासूबाईंनी आपली पर्स उचलून त्या खुर्चीवर ठेवली. ठक्क आवाज झाला. पर्समध्ये त्यांनी कात्री ठेवलेली असे.

"इथे माणूस आहे," सासूबाई म्हणाल्या. "सही करायला गेलंय."

पाहुणा मागं सरकला. हेडबाईंनी यादीत डोकं घातलं. ती येऊन बसली, तसा डावीकडचा घेर उसळून बाहेर आला आणि सासूबाईंच्या गुडघ्यांवर, त्यांच्या पर्सवर आणि वाटेतल्या गालिच्यावर पसरला. सासूबाईंची बोटं त्याच्याकडे गेली. सवयीनं उभा धागा शोधून, चुण्या गोळा करून त्या तो आवरणार असं तिला वाटलं.

त्यांनी एक प्लेट चिमटीत धरली, तिच्यावरचा तुटका जांभळा दोरा उचलून फुंकला, आणि प्लेट सोडून दिली.